दर शंभरावी तबकडी

माझं काम ऐकायचं होतं.
गाणं नव्हे, खरखर.
दर शंभरावी तबकडी सुईखाली ठेवायची,
काचेच्या खोलीत कान टवकारून बसायचं
आणि तक्त्यात लिहायचं: दोष आहे, दोष नाही.
सिनसिनाटी, सत्तावन्न सालचा हिवाळा.
मी नदीपलीकडची, केंटकीच्या डोंगरातली,
गोरी, म्हणून खुर्चीवर.
आर्डेलिया टब्ज खाली, प्रेसच्या वाफेत, उभी.

ती कडा कापायची.
साच्यातून गरम तबकडी निघते तेव्हा
तिच्याभोवती झालर असते, काळी, वेडीवाकडी.
आर्डेलिया ती सुरीनं उतरवायची एका फेरीत,
सफरचंदाची साल न तुटता निघावी तशी,
आणि यंत्रांच्या धडधडीवर
तिचं गुणगुणणं तरंगत राहायचं.
फोरमन म्हणायचा, पोरी, तू फुकट गातेस.
तेवढं मात्र खरं निघालं.

ऑक्टोबरात तिला वर बोलावलं, स्टुडिओत.
नमुना म्हणून गा, म्हणाले,
गाणारी दुसरीच आहे, तिला चाल कळावी एवढ्यासाठी.
पंधरा डॉलर, एक कागद, कागदाखाली सही.
वाचायला वेळ नव्हता,
खाली भोंगा झाला होता.

डिसेंबरात निळं लेबल आलं: बॉनी क्लेअर हॅस्केट.
पहिली शंभरावी मी सुईखाली ठेवली.
खरखर नव्हती.
तिसऱ्या ओळीआधी एक श्वास होता,
जरा ओढलेला, छातीत कापूस अडकल्यासारखा.
हा श्वास मी रोज दुपारी जिन्यावर ऐकायचे,
आर्डेलिया डबा घेऊन चढायची तेव्हा.
तक्त्यात मी लिहिलं: दोष नाही.

बॉनी क्लेअर एकदा आली होती, फोटोसाठी.
एकोणीस वर्षांची. मॅनेजरचा हात तिच्या कोपरावर,
दाराची मूठ धरावी तसा.
पोट दिसतं म्हणून सकाळपासून उपाशी ठेवलेली.
प्रेसजवळ उभी राहून हस, म्हणाले तिला.
आर्डेलियाला म्हणाले, तू जरा बाजूला हो.
ती झाली. सुरी हातातच होती.
नंतर संडासात बॉनीनं मला हळूच विचारलं,
"तो श्वास ती नेमका कुठे घेते?
टीव्हीवर मला तिथेच ओठ उघडायचेत."
मी सांगितलं.
तिनं कागदावर त्या जागी पेन्सिलीनं
एक फुली मारली.

मीही गेले होते कधीतरी नॅशव्हिलला,
लग्नाआधी, बापाचं फिडल घेऊन.
त्यांनी पेटी उघडायच्या आत
गुडघे बघायला मागितले.
हे मी आर्डेलियाला सांगितलं,
बघ, आपण सारख्याच, अशा सुरात.
तिनं माझ्या खुर्चीकडे पाहिलं.
बोलली काही नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी फोरमन लवकर गेला.
मी काचेच्या खोलीचं दार उघडं टाकलं.
ती आत आली नाही.
उंबऱ्यावरच थांबली, हात ॲप्रनला पुसत,
आणि पहिल्यांदा
स्वतःला बाहेरून ऐकलं.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
मग सुई मधल्या निळ्या वर्तुळापाशी
नावाच्या काठाशी घुटमळत राहिली, टक्, टक्,
आणि मला ती उचलायचं सुचेना.

"दुसऱ्या कडव्यात मी घाई केली," ती म्हणाली.
"पुन्हा घेऊ द्या म्हटलं होतं.
नाही दिलं."
आणि खाली गेली, मशीन तापत होतं.

त्या आठवड्यात अकरा हजार निघाल्या.
कडा सगळ्या तिनंच उतरवल्या.
त्यातल्या एकशे दहा मी ऐकल्या,
दर वेळी दुसरं कडवं, डोळे मिटून,
ज्यासाठी मला पगार होता तसं.
घाई मला कुठेच सापडली नाही.